गुंठ्याला मोबदला आहे, आयुष्याला नाही

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा माणसांना निर्दोष ठरविले. याच न्यायालयाने २००९ मध्ये त्या सहाही जणांना फाशी फर्माविली होती. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या त्या दरोडा, बलात्कार व खून प्रकरणात वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा माग कोणी काढला नाही. दारिद्र्य आणि जात या दोन पुराव्यांवरच जणू खटला उभा राहिला.

सोळा वर्षांनंतर राज्य शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. हिशेब केला तर दिवसाला सुमारे ८६ रुपये पडतात. त्याच वर्षी रोजगार हमीच्या कामावर माती उपसणाऱ्या मजुराला दिवसाकाठी दोनशेहून अधिक रुपये मिळत होते. फाशीच्या छायेत काढलेला दिवस खडी फोडण्याच्या दिवसाच्या निम्म्या किमतीचाही ठरला नाही!

आणि हे ८६ रुपयेदेखील हक्क म्हणून मिळाले नाहीत. तो न्यायासनाच्या सदसद्विवेकाचा प्रसाद होता. अक्षरधाम खटल्यातून २०१४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविले. बिहारमधील रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत मुजफ्फरपूरच्या तुरुंगात खितपत पडला. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले, म्हणजे दिवसाला सात रुपयेही नाहीत. तो निकाल क्रांतिकारक होता, यात शंका नाही. परंतु चार दशके लोटली तरी त्या निकालाचा कायदा झाला नाही, हे संसदेचे अपयश आहे.

शासनाने शेतकऱ्याची जमीन घेतली तर २०१३ च्या कायद्यात मोबदल्याचे सूत्र आहे. गुंठ्याची किंमत ठरते, झाडाची ठरते, विहिरीची ठरते. मग माणसाच्या आयुष्यातील सोळा वर्षे घेतली तर सूत्र का नसावे? जर्मनीत चुकीच्या कारावासाच्या प्रत्येक दिवसाला ७५ युरो देण्याची तरतूद २०२० पासून आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात २००४ पासून वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंतची तरतूद आहे.

भारताने १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. चुकीने शिक्षा भोगलेल्यास कायद्यानुसार भरपाई मिळावी, असे त्याचे चौदावे कलम सांगते. करार स्वीकारतानाच बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क मात्र शासनाने नाकारला. आणीबाणीच्या तुरुंगांतून बाहेर आलेल्यांचेच ते सरकार होते, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरू नये.

ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात खास न्यायालये आणि भरपाईची वैधानिक पद्धत सुचविली. अहवाल धूळ खात राहिला. जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तीत विनाकारण अटकेबद्दल भरपाई आहे, पण कमाल एक हजार रुपये! नाव सुरक्षेचे आणि किंमत ही.

पोलिसांचे मनोधैर्य खचेल, असा आक्षेप घेतला जातो. निरपराध्याला फासापर्यंत नेण्यासाठी जे मनोधैर्य लागते, ते खचलेलेच बरे. तिजोरीवर भार पडेल, असेही म्हटले जाते. तो भार आज कोण वाहतो? तुरुंगाच्या दारात खेपा घालणारी पत्नी, शाळा सोडून कामाला लागलेले मूल आणि वकिलासाठी विकलेली शेळी.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. भरपाई कायद्याने निश्चित व्हावी आणि कारावासाच्या प्रत्येक वर्षाला किमान दर असावा. पोलिसांचा दुष्ट हेतू सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर टाकू नये. विधी आयोगाची सूचनाही येथे अपुरी पडते. रकमेसोबत घर, काम आणि उपचार मिळावेत. पुरावा दडपणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले व्हावेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी वकिलांच्या परिषदांपुरती न ठेवता पालांवर, तांड्यांवर आणि मोहल्ल्यांत न्यावी. कारण उद्याचा निरपराध कैदी बहुधा तेथूनच उचलला जाणार आहे.