विश्लेषण : पडद्यावरच्या कासवाची भूमिती यवतमाळच्या शाळांत का हवी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांना 'कोडिंग'ची ओळख करून द्यावी, असे म्हटले आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे ऐकले की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा आणि नव्या यंत्रांचा. मात्र यातील सर्वांत उपयुक्त धडा चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांवरही शिकवला जात होता. तो म्हणजे 'लोगो' भाषेतील कासव. ते आज जिल्हा परिषदेच्या शाळेत आणणे सहज शक्य आहे आणि ते आणायला हवे.

लोगो आणि कासव म्हणजे काय?

लोगो ही मुलांसाठी तयार केलेली संगणकीय भाषा. वॉली फॉयरझाइग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत तिची सुरुवात केली. काही वर्षांत तिला कासव जोडले गेले. आधी ते जमिनीवर फिरणारे, पेन लावलेले यंत्र होते, नंतर ते पडद्यावरची छोटी आकृती झाले. त्याला दोनच गोष्टी कळतात : इतकी पावले पुढे जा आणि इतके अंश वळ. ते जिथून जाते तिथे रेघ उमटते. 'पुढे १००, उजवीकडे ९०' हे चार वेळा करायला सांगितले की चौरस तयार होतो. पेपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते. मूल स्वतः काही घडवताना शिकते, हा विचार त्यांनी १९८० मधील 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात मांडला.

जुन्या संगणकांवर हे कसे चालायचे?

१९८० च्या दशकात अॅपल टू, कमोडोर ६४, अटारी अशा संगणकांसाठी लोगोच्या आवृत्त्या निघाल्या. ब्रिटनमधील बीबीसी मायक्रोच्या 'मॉडेल बी'मध्ये अवघी ३२ किलोबाइट स्मृती होती. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही याहून कितीतरी जास्त जागा लागते. तरीही त्यावर कासव फिरत असे. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या २५० शाळांत हेच बीबीसी मायक्रो पोहोचले होते. त्यामुळे आज शाळेच्या कोपऱ्यात पडलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक 'जुना' म्हणून बाद ठरवण्याचे कारण नाही. कासवासाठी तो गरजेपेक्षा जास्तच सक्षम आहे.

त्यातून गणित कसे शिकले जाते?

मुलाला समभुज त्रिकोण काढायला सांगितला तर ते बहुधा प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंश वळवते, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असते. मग तीन रेघा होतात, पण आकृती बंद होत नाही. अशा सहा रेघा मारल्या की षटकोन होतो. इथे मुलाला थांबून विचार करावा लागतो. कासव आकृतीच्या आतला कोन मोजत नाही, ते चालता चालता किती वळले हे मोजते. ते वळण १२० अंशांचे असते. पाठ्यपुस्तकातील 'बाह्यकोन' हा शब्द अशा वेळी खरा समजतो. कोणत्याही सुसम बहुभुजाकृतीभोवती एक फेरी पूर्ण केली की एकूण वळण ३६० अंशच भरते, हा नियमही मूल स्वतः शोधते. प्रत्येक वेळी १४४ अंश वळवून पाच रेघा मारल्या तर पाच टोकांची चांदणी होते. कारण कासवाने दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे ७२० अंश पूर्ण केलेले असतात.

यवतमाळच्या मुलांना हे परके आहे का?

उलट, ते त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. कपाशीच्या ओळींमधून डवरा हाकणारा माणूस शेताचा नकाशा समोर ठेवून चालत नाही. धुऱ्यापर्यंत सरळ जायचे, वळायचे, पुढच्या तासाला लागायचे, पुन्हा वळायचे. कासवाची भूमिती नेमकी अशीच, चालणाऱ्याच्या नजरेतून मांडलेली असते. कासवाकडून शेताचे तास काढून घ्यायचे ठरवले तर एका धुऱ्यावर दोनदा उजवीकडे आणि दुसऱ्या धुऱ्यावर दोनदा डावीकडे वळावे लागते. दोन्हीकडे उजवीकडेच वळवले तर कासव पहिल्याच तासाला परत येऊन पोहोचते. ही चूक शेत पाहिलेले मूल लगेच पकडते. रांगोळीचेही तसेच. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी १९७० च्या दशकात तमिळनाडूतील 'कोलम' रांगोळ्यांचे नियम संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. पुढे अशा रांगोळ्या कासवाकडूनही काढून घेतल्या गेल्या.

जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलाम आणि गोंड, तर पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजारा मुले मोठ्या संख्येने आहेत. अनेकांची घरची भाषा कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी आहे. लांबलचक उदाहरण वाचून सोडवताना ही मुले भाषेमुळे मागे पडतात आणि 'गणितात कच्ची' ठरतात. कासवाच्या आज्ञा मोजक्या असतात आणि उत्तर चित्रातून मिळते. तिथे प्रमाण मराठी येते की नाही, याची परीक्षा होत नाही.

मग आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप गंभीर आहे. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास लोगो शिकलेल्या मुलांचा अभ्यास केला. नुसते लोगो शिकल्याने मुलांची इतर कामांतील नियोजनक्षमता वाढल्याचे त्यांना आढळले नाही. म्हणजे कासव हा जादूचा मंत्र नव्हे. 'हे असे का झाले?' असा प्रश्न योग्य वेळी विचारणारा शिक्षक सोबत नसेल, तर ते रेघोट्यांचे खेळणेच राहते. म्हणून अपेक्षाही नेमकी हवी. कासवामुळे मूल सर्वज्ञ होणार नाही, पण कोन, प्रमाण आणि क्रम या गोष्टी त्याला नीट कळतील.

दुसरा आक्षेप सोयींचा. वीज जाते, शिक्षक कमी, संगणक एखादाच. परंतु पेपर्ट यांनीच सुचवलेला मार्ग असा की मुलांनी आधी स्वतः कासव व्हावे. एकाने आज्ञा द्यायच्या, दुसऱ्याने शाळेच्या पटांगणात तशी पावले टाकायची, तिसऱ्याने खडूने रेघ ओढायची. याला वीज लागत नाही. संगणकावर बसण्याची पाळी येईपर्यंत मुलांनी अर्धे काम वहीतच केलेले असते. रायगड जिल्ह्यातील खैराटच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' हा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपच्या 'शुगर' प्रणालीसाठीही 'टर्टल आर्ट' हे साधन तयार झाले. पण प्रत्येक मुलाला यंत्र देणे ही कासवाची पूर्वअट नाही. एका संगणकाभोवती तीन-चार मुले बसून वाद घालत असतील, तर शिकणे अधिकच होते.

काय करता येईल?

पायथन ही भाषा मोफत मिळते आणि तिच्यासोबत 'टर्टल' हे साधन येते. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटची गरज उरत नाही. पायथनच्या सध्याच्या आवृत्तीत मूल आपल्या आज्ञेला देवनागरीत 'चौकोन' किंवा 'चांदणी' असे नाव देऊ शकते. मूळ आज्ञा इंग्रजीत राहतात, मात्र त्या थोड्याच आहेत.

आज शाळांतील संगणक आणि मोठे पडदे बहुतांशी चित्रफिती दाखवण्यासाठी वापरले जातात. त्यात मूल प्रेक्षक असते. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत गणिताच्या शिक्षकांना कासवाचा एखादा तास स्वतः करून पाहू दिला, भूमितीच्या प्रकरणाला त्याचे दोन तास जोडले आणि बंद पडलेले संगणक दुरुस्त करून घेतले, तर सुरुवात होऊ शकते. यासाठी नव्या खरेदीच्या निविदेची वाट पाहण्याची गरज नाही. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत, त्या घरातील मुलासाठी शाळेतील हे दोन तास हीच संगणकाला आपल्या मनासारखे वागायला लावण्याची पहिली संधी असेल. ती शहरातील मुलांना घरी मिळते, खेड्यातील मुलांना शाळेनेच द्यायला हवी.