तार कापण्याआधी

विद्यार्थी मित्रांनो, मोटारीतला जुना रेडिओ काढून तेथे पडद्याचा नवा संच घरीच बसवावा, असे बोलणे तुमच्याही घरी निघाले असेल. माझे मत विचाराल, तर जरूर बसवावा. पुस्तकातील विद्युतप्रवाहाचे धडे अशा कामातूनच पक्के होतात. मात्र वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यावे आणि मूळची एकही तार कापू नये.

असे का? पूर्वीच्या रेडिओला वीज, एरियल आणि ध्वनिवर्धकाच्या तारा एवढेच लागे. आजच्या पुष्कळ मोटारींत संचाकडे निरोप वाहून नेणाऱ्या दोन पिळलेल्या ताराही येतात. 'कॅन' नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली मांडली. मोटारीचे इतर भागही या तारांवरून एकमेकांशी बोलतात. येथे चुकीची जोडणी झाली, तर बिघाड रेडिओपुरता राहत नाही. म्हणून मूळ प्लगात बसणारा तयार जोडप्लगच वापरावा. हवे तेव्हा जुना संच परत बसवता येतो.

फ्यूज उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा घालणे हा तर विस्तवाशी खेळ! प्रवाह तिप्पट झाला, की त्याच तारेत उष्णता नऊपट निर्माण होते. फ्यूज शाबूत राहतो, तार पेटू शकते.

तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी बॅटरीची ऋण जोडणी सोडा; आणि त्याच्याही आधी कागदावर मंडलाची आकृती काढा. ती नीट काढता आली नाही, तर त्या दिवशी जुना रेडिओच ऐका.