धुतलेला मास्क आणि हरवलेला भार

क्षयरोग कक्षात काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क मोजूनमापूनच मिळतात. त्यामुळे ते जपून वापरण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. ड्युटी संपली की कुणी मास्क साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालतो, तर कुणी त्यावर सॅनिटायझर फवारतो. दुसऱ्या दिवशी मास्क स्वच्छ दिसतो. पण त्याचे खरे बळ बरेचसे निघून गेलेले असते. याचे कारण शाळेत शिकलेल्या स्थिर विद्युतशास्त्रात आहे.

शार्ल कूलोम या फ्रेंच अभियंत्याने १७८५ मध्ये विद्युतभारित वस्तूंमधील बलाचा नियम मांडला. हे बल भारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रत्येकी एक मायक्रोकूलोम भाराचे दोन लहान गोळे एक मीटर अंतरावर ठेवले, तर त्यांच्यातील बल ०.००९ न्यूटन, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम वजनाएवढे भरते. अंतर दहा सेंटिमीटर केले की तेच बल शंभरपट होते. सारी किमया जवळिकीची आहे.

एन-९५ मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीनचे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि कारखान्यातच त्यांना टिकाऊ विद्युतभार दिलेला असतो. तंतूंमधील फटी जंतूवाहक कणांपेक्षा मोठ्या असल्या तरी जवळून जाणारा कण तंतूकडे ओढला जातो. कणावर स्वतःचा भार नसला तरी हे घडते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तसेच हे आहे. कणाच्या जवळच्या बाजूला विरुद्ध भार सरकतो, दूरच्या बाजूला सजातीय. जवळचे आकर्षण दूरच्या प्रतिकर्षणावर मात करते. म्हणूनच श्वास फारसा न कोंडता ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडतात.

साबण आणि अल्कोहोल हा भार निष्प्रभ करतात. उरते ती नुसती जाळी. क्षयाचे जंतू हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून पसरतात, आणि अशा जाळीमागे निर्धास्तपणे उभा राहणारा कर्मचारी मास्क नसलेल्यापेक्षा अधिक बेसावध असतो.

कापडी मास्क जरूर धुवावा. त्यात गमावण्यासारखा भारच नसतो. एन-९५ मात्र धुऊ नये. पुन्हा वापरणे अटळच असेल तर तो कागदी पिशवीत कोरडा ठेवावा, स्वतःचाच वापरावा आणि ओला, मळलेला किंवा सैल झाल्यास टाकून द्यावा. पण केवळ सूचनाफलक लावून रुग्णालय प्रशासनाची जबाबदारी संपत नाही. मास्क पुरेसे दिले, तर ते धुण्याची वेळ कर्मचाऱ्यांवर येणार नाही. मास्कच्या खरेदीत वाचवलेले पैसे क्षयाची लागण झालेल्या परिचारिकेच्या उपचारांवर खर्च करावे लागले, तर त्या बचतीला अर्थ राहत नाही.