'हॅक न होणारं' क्वांटम नेटवर्क : बातमी वाचताना हा एक प्रश्न विचारा

जून २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने एक प्रयोग जाहीर केला. आयआयटीच्या कॅम्पसमध्ये, केबल न टाकता, हवेतून १ किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली पाठवली गेली. वेग होता सेकंदाला साधारण २४० बिट. अशा बातम्यांसोबत 'हॅक करणं अशक्य' हे शब्द हमखास येतात. ते खोटे नाहीत, पण अर्धेच खरे आहेत. उरलेलं अर्धं अंतरात दडलंय.

नेमकं काय पाठवतात?

तुमचा मेसेज या वाटेने जात नाही. जाते ती फक्त किल्ली, म्हणजे मेसेजला कुलूप लावणारा आकड्यांचा क्रम. कुलूप लावलेला मेसेज नेहमीच्या इंटरनेटवरूनच जातो. २४० बिटच्या वेगाने २५६ बिटची एक किल्ली सेकंदभरापेक्षा किंचित जास्त वेळात तयार होते. पण ३ एमबीच्या फोटोइतका डेटा त्याच वेगाने पाठवायचा म्हटलं, तर जवळपास २८ तास लागतील!

किल्लीचा प्रत्येक बिट फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर बसवलेला असतो. या कल्पनेचा पाया चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी १९८४ मध्ये घातला. फोटॉनची अनोळखी क्वांटम अवस्था हुबेहूब कॉपी करता येत नाही आणि मोजायला गेलं तर ती बिघडू शकते. त्यामुळे मध्येच कुणी डोकावलं, तर किल्लीत चुका वाढतात. दोन्ही टोकांना ते कळतं आणि ती किल्ली फेकून दिली जाते.

तोच नियम अंगाशी येतो

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश हळूहळू विरतो. चांगल्या फायबरमधूनही १०० किमी गेल्यावर १०० पैकी साधारण १ फोटॉन उरतो. २०० किमीवर १० हजारांत १. आणि १,००० किमीवर? सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडले, तरी एक पोचायला ३ हजारपेक्षा जास्त वर्षं लागतील.

नेहमीच्या इंटरनेटला ही अडचण येत नाही, कारण वाटेत जागोजागी अॅम्प्लिफायर बसवून सिग्नल पुन्हा जोरदार करता येतो. क्वांटम सिग्नलला तसं करता येत नाही. जोर वाढवायचा म्हणजे कॉपी काढायची, आणि कॉपी काढता येत नाही हीच तर याची सुरक्षा! ज्या नियमामुळे चोर पकडला जातो, त्याच नियमामुळे लांबचा पल्लाही अडतो.

मग २,००० किमी कसे गाठायचे?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. २,००० किमीपर्यंत सुरक्षित क्वांटम संपर्क उभारणं हे त्याचं एक उद्दिष्ट आहे. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली, ट्रस्टेड नोड. चीनने २०१७ मध्ये सुरू केलेली बीजिंग-शांघाय लाइन सुमारे २,००० किमीची आहे आणि तिच्यावर ३२ स्टेशनं आहेत. मधल्या प्रत्येक स्टेशनवर किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा गुप्त केली जाते. जणू प्रत्येक डेपोत पार्सल उघडून नव्याने सील करणारं कुरिअर. म्हणजे तार सुरक्षित, पण मधल्या स्टेशनातल्या माणसांवर आणि मशीनवर विश्वास ठेवावाच लागतो. सगळी स्टेशनं स्वतःच्या ताब्यात असलेल्या लष्कराला हे चालेल. सामान्य ग्राहकाला मात्र 'कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही' असं सांगता येणार नाही.

दुसरी वाट सॅटेलाइटची. हवेचा दाट थर थोडाच पार करावा लागत असल्याने फोटॉन कमी वाया जातात. चीनच्या 'मिशियस' उपग्रहाने एकमेकांशी क्वांटम नात्याने बांधलेल्या फोटॉनच्या जोड्या जमिनीवर पाठवल्या. ही पद्धत वापरली की उपग्रहालाही किल्ली कळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १,१२० किमीवर किल्ली जमली, पण सेकंदाला ०.१२ बिट या वेगाने. २५६ बिटच्या एका किल्लीला साधारण ३५ मिनिटं.

तिसरी आणि खरी हवी असलेली वाट म्हणजे क्वांटम रिपीटर. लांब रस्त्याचे छोटे टप्पे करायचे, प्रत्येक टप्प्यात फोटॉनची जोडी बांधायची आणि मधल्या स्टेशनवर दोन जोड्यांची अशी एकत्र मोजणी करायची की दोन्ही टोकं थेट जोडली जातील. मधल्याला किल्ली कळतच नाही. यासाठी दुसरा टप्पा तयार होईपर्यंत क्वांटम अवस्था धरून ठेवणारी मेमरी लागते. हार्वर्डच्या टीमने २०२४ मध्ये बोस्टन भागातल्या ३५ किमी फायबरमधून अशा दोन मेमरी जोडून दाखवल्या. ३५ ते २,०००, एवढी मजल अजून बाकी आहे.

आपल्या मोबाइलचं काय?

तुमचा फोन वाचवायला फोटॉन येणार नाहीत, नवीन गणित येणार आहे. खरं तर ते आलंयही. मोठे क्वांटम कॉम्प्युटर आजची काही कुलपं तोडू शकतील, म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटीने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतीच्या कुलपांची तीन मानकं प्रसिद्ध केली. सिग्नलने २०२३ मध्ये आणि अॅपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये असं संरक्षण आणायला सुरुवात केली. त्याला वेगळी केबल लागत नाही, अपडेट पुरतो. घाई यासाठी, की आज चोरून साठवलेला डेटा उद्या उघडता येऊ शकतो. त्यामुळे अॅप अपडेट पुढे ढकलू नका.

क्वांटम नेटवर्कवरचं संशोधन गरजेचंच आहे, आणि दिल्लीचा १ किमी हा त्यातला खराखुरा टप्पा आहे. फक्त पुढच्या वेळी 'हॅक-प्रूफ' असं काही वाचलंत, तर किलोमीटरचा आकडा बघून थांबू नका. विचारा : वाटेत किल्ली कुठे उघडी पडते का? उत्तर 'हो' असेल, तर सुरक्षा त्या स्टेशनाच्या दारावरच्या कुलपाइतकीच आहे.