काळ, काम, वेग आणि कोयता

दोस्तांनो, सैन्यभरतीच्या गणिताला नाक मुरडणारे आपल्यातच पुष्कळ झालेत. पुण्या-मुंबईतली शिकलेली पोरं मला विचारतात, चळवळ सोडून हे काय नफा-तोटा अन् शेकडेवारी घेऊन बसलास? मी बीडला, आमच्या वस्तीतल्या विहारात, संध्याकाळी भरतीच्या पोरांचं गणित घेतो. पोरं पहाटे पळतात, दिवसा मोंढ्यात पोती उचलतात, अन् रात्री लसावि-मसावि काढतात. आणि माझं म्हणणं असं की हीसुद्धा चळवळच आहे.

हिशेब आपल्याला कुणी सुखासुखी दिलेला नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी जे मागितलं त्यात मोडी-बाळबोधीच्या जोडीला हिशेब होता. कारण उघड आहे. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याचा अंगठा सावकाराच्या वहीत कायमचा जमा.

पलटणीची गोष्ट वेगळी नाही. तिथं आपल्या माणसांना नुसती बंदूक मिळाली नाही, पाटीही मिळाली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते आणि त्यांच्याच घरात बाबासाहेब घडले. १८९२ नंतर महारांची भरती बंद केली, तेव्हा पगाराबरोबर ही पाटीही हिसकावली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला लिहिला. १९१७ ला युद्धापुरती १११ वी महार पलटण काढली आणि १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. तेव्हा या दाराकडं पाठ फिरवा म्हणणाऱ्यांनी आधी ते दार कुणी ठोठावलं होतं ते आठवावं.

आता त्या दारावर 'अग्निवीर' लिहिलंय. २०२३ पासून आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग मैदान. २०२५ पासून पेपर मराठीतही मिळाला. शिपाई भरतीला पन्नास प्रश्न, एक तास. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की अर्धा कापला. इथं जातीवर राखीव जागा नाहीत. म्हणून एकेका प्रश्नाची किंमत आपल्याला जास्त.

अकॅडमीवाले पोरांना ट्रिक विकतात. 'येत नसेल तर हात लावू नका' हीही एक ट्रिकच. का, ते सांगत नाहीत. आम्ही फळ्यावर मांडलं. चार पर्याय आहेत. आठ प्रश्न डोळे झाकून ठोकले तर सरासरी दोन लागतील. मिळाले चार गुण. सहा चुकतील, गेले तीन. फायदा एक. आता प्रत्येक प्रश्नात एक पर्याय विचार करून खोडला आणि असे नऊ सोडवले, तर तीन लागतील, सहा जातील. सहा वजा तीन. फायदा तीन. म्हणजे विचार करणाऱ्याचा फायदा ठोकणाऱ्याहून मोठा. हे एकदा कळलं की पोरगं ट्रिक मागत नाही.

पण पुस्तकातली गणितंही तपासून घ्या. '३ पुरुष किंवा ५ स्त्रिया एक काम १५ दिवसांत करतात.' कुणी मोजलं हे? आमच्या जिल्ह्यातनं लाखो माणसं ऊस तोडायला जातात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. ती मोळ्या बांधते, डोक्यावरनं गाडीत चढवते, पहाटे भाकरी थापते. पुस्तकात ती तीनपंचमांश पुरुष, मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता!

म्हणून मी आमचंच गणित घालतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने लाखाची उचल घेतली, रोज दोन टन तोडला, तर फिटायला किती दिवस? रोजचे ७३२. उत्तर १३७ दिवस, एकही दिवस खाडा न करता. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर? २६,८०० अंगावर, पुढल्या सालाला. हे गणित पोरं चुकत नाहीत. त्यांच्या आईबापाचं आहे ते.

आता अग्निवीराचं. २०२२ साली सरकारने सांगितलं, चार वर्षांनी ११ लाख ७१ हजार सेवानिधी. पोरांनो, मोडून बघा. पहिल्या वर्षी पगार महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार कापले. असे चार वर्षांत ५ लाख २ हजार पोराच्याच पगारातून गेले. तेवढेच सरकारचे, वर व्याज. म्हणजे बक्षीस म्हणून दाखवलेल्या रकमेतला मुद्दलाचा अर्धा भाग पोराचाच घाम. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्या योजनेत कायम ठेवायचे शेकडा पंचवीसपर्यंत. चारातले तीन घरी. वय बावीस-तेवीस.

मग जाऊ नये? असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी उचल अंगावर आहे त्याला शहरात बसून 'जाऊ नको' सांगणं सोपं आहे. जावं. पण आकडा मोडून, काय मिळतंय अन् काय नाही ते बघून जावं. आणि चार वर्षांनी परत आला तर त्याच डोक्याने मुकादमाची वही, ग्रामपंचायतीचा जमाखर्च उघडून बघावा.

तुम्ही शहरातले बी.कॉम., इंजिनिअर झालेत ना? आपापल्या वस्तीतल्या विहारात एक फळा लावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी द्या. पहिलं गणित पुस्तकातलं घालू नका. त्या वस्तीत कुणाची किती उचल, किती व्याज, किती मजुरी, तिथून सुरू करा.