तांबडी रेघ

आमच्या बिऱ्हाडात दिवाळी जवळ आली, की दोन वास दरवळू लागतात. एक चकलीच्या भाजणीचा आणि दुसरा आकाशकंदिलासाठी शिजवलेल्या खळीचा. गेल्या वर्षी त्यांत तिसऱ्याची भर पडली. तो होता डाखाचा. मग एका संध्याकाळी चौथाही वास आला, आणि त्याबद्दल मला आज कबुलीजबाब द्यावयाचा आहे. वर्षभर या पानावरून मी लोकांच्या चुका दाखवीत असतो. दिवाळी अंकात तरी एखादी स्वतःची दाखवावी, हे बरे.

त्याचे असे झाले. माझी नात तेव्हा नववीत होती. वाढदिवसाला काय हवे, असे विचारताच तिने एक पुडके मागविले. त्यात निघाली एक हिरवी छापील पट्टी, ॲल्युमिनिअमची एक चिंचोळी फळी आणि चिमुकल्या पाकिटांतून लहान-मोठे ८३ भाग.

"हे ग काय?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"ढोल."

"आणि कातडं कुठे आहे त्याचं?"

प्रश्न रास्त होता. सिंथेसायझर म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वाद्य, अशी माझीही समजूत होती. हा प्रकार निराळा. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असे वाद्य केले, की त्यात स्वर उत्पन्न करणारा भाग वेगळा, तो गाळून घेणारा वेगळा आणि लहान-मोठा करणारा वेगळा. हे भाग तारांनी एकमेकांस जोडावयाचे आणि हवा तसा आवाज काढावयाचा. हे मूगसाहेब शाळकरी वयातच थेरेमिन नावाचे विजेवरचे वाद्य घरी बनवीत, आणि पुढे लोकांनी घरी जोडावे म्हणून त्याचे सुटे भाग विकतही. म्हणजे घरच्या टेबलावर डाख देण्याची रीत या वाद्याच्या जन्माआधीची! नंतर १९९० च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी या भागांना एक माप घालून दिले. उंची १२८.५ मिलिमीटर आणि वीज अधिक १२ व उणे १२ व्होल्ट. ते इतके रूढ झाले, की आज एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पेटीत सुखाने नांदतो. अशी एक लहानशी पेटी नातीने खाऊच्या पैशांतून आधीच जमविली होती. तीत ठेका धरणारा एक भाग होता. पण ठेका ज्याच्यावर धरावा, तो ढोलच नव्हता.

कातड्याशिवाय ढोल वाजतो कसा? झोपाळ्याला एकच धक्का देऊन आपण बाजूला व्हावे, म्हणजे तो ठरल्या लयीत हेलकावे घेत हळूहळू थांबतो. इथे झोपाळ्याच्या जागी दोन कपॅसिटर, काही रेझिस्टर आणि एक आठ पायांची चिप असते. विजेचा क्षणभराचा ठोसा बसला, की ही जोडणी आपल्या ठरल्या वेगाने थरथरते आणि विझत जाते. सेकंदाला सुमारे ५० हेलकावे झाले, की कानाला 'धप्' ऐकू येते. जपानी रोलँड कंपनीच्या १९८० च्या टीआर-८०८ या यंत्रातला मोठा ढोल याच युक्तीवर चालतो. तेच यंत्र घेऊन आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले व त्यांची तबकडी काढली. तेव्हा तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशच्या जाणकारांनी तोंडात बोटे घातली.

"मग तबलाही होईल की यात," मी म्हणालो. पण ते तितके सोपे नाही. साध्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या मध्यावरची शाई त्यांना सुरात आणते. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते. आमच्या पट्टीजवळ एकच हेलकावा. तेव्हा तिने धप् म्हणावे आणि आपण समाधान मानावे!

आता माझ्याविषयी. १९६८ साली कॉलेजात असताना मी स्वतःच्या हाताने ट्रान्झिस्टर रेडिओ जोडला होता, आणि तो सारी चाळ ऐकत असे. ही गोष्ट मी नातीला पुष्कळदा सांगितली आहे. थोडी जास्तच वेळा, असे तिच्या आजीचे मत. परंतु अलीकडे माझा उजवा हात थरथरतो आणि रंग ओळखायला चष्माही पुरत नाही. म्हणून आम्ही कामाची वाटणी केली. तिने भिंगातून रेझिस्टरचे रंग वाचावेत आणि मी किंमत सांगावी.

"तपकिरी, काळा, नारिंगी."

"दहा हजार ओहम!"

डोळे तिचे, स्मरण माझे, आणि डाख अर्थातच तिचा. आधी बसके रेझिस्टर आणि डायोड, मग चिपांच्या बैठका, मग उभे कपॅसिटर, शेवटी बटणे आणि तारा खुपसण्याची भोके. ज्या कपॅसिटरला उलटसुलट असते, त्याचा लांब पाय अधिकाच्या बाजूला. चार संध्याकाळी आम्ही असे रमलो होतो, की घरात दिवाळी आहे याचाही विसर पडला.

पाचव्या संध्याकाळी दोन्ही चिपा बैठकीत बसल्या. राहिली होती फक्त विजेची चपटी तार पेटीला जोडणे. इतक्यात आजीने नातीला खालून रांगोळी आणायला पिटाळले. "मी आल्यावर लावू हं, आजोबा," असे सांगून ती गेली.

वाचकहो, मला धीर निघाला नाही. त्या चपट्या तारेच्या एका कडेला तांबडी रेघ असते. तांबडे म्हणजे अधिक, हे पन्नासहून जास्त वर्षे माझ्या बोटांत मुरलेले. या पेट्यांत मात्र तांबडी रेघ उणे बाराची खूण असते. पट्टीवर तसे छापलेही होते. पण चष्मा कपाळावर होता. मी तार लावली आणि कळ दाबली. ढोल वाजला नाही. बारीकसा धूर आला, आणि चिपेला बोट लावले तर चटका बसला.

मी कळ बंद केली, तार सुलट करून लावली, पंखा सुरू केला आणि वर्तमानपत्र उघडून बसलो.

नात आली. तिने तार नीट पाहून घेतली, कळ दाबली, ठेका सुरू केला. सारे चिडीचूप. तिचा चेहरा उतरला. "माझाच डाख कुठेतरी कच्चा राहिलाय," ती म्हणाली. मग भिंग घेऊन तिने एकेक सांधा तपासला, पुन्हा तापविला. अकरा वाजता एका सांध्याखालचे तांबेच उखडून आले, आणि तिच्या डोळ्यांतून टिपे गळू लागली. मी समोरच बसलो होतो. "उद्या पाहू ग," एवढेच माझ्या तोंडून निघाले.

रात्री दिवा मालवल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मघाशी जळकट वास कसला येत होता? माझी कढई तर अजून चढलीही नव्हती."

मी सगळे सांगून टाकले.

"मला काय सांगता? ढोल का मी केलाय?" एवढे बोलून त्या कुशीवर वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुकाने उघडण्यापूर्वीच मी लॅमिंग्टन रोडवर हजर. दुकानदाराने दोन चिपा पुडीत बांधता बांधता विचारले, "उलटी वीज दिली वाटतं?"

"दिली कोणीतरी," मी म्हणालो.

गिरगावात परत येईपर्यंत मनात एकच विचार घोळत होता. चिपा बैठकीत नुसत्या दाबून बसवायच्या असतात. नात आंघोळीला गेली, की दोन मिनिटांत काम होईल. ढोल वाजेल, ती हसेल, आणि कोणाला काही कळणार नाही.

घरी आलो तर टेबल आवरलेले होते. उरलेली तार, भिंग, डाखाची गुंडाळी, सारे तिने एका खोक्यात भरून वर दोरी बांधली होती. "मला नाही जमायचं हे, आजोबा. तुमच्यासारखा हात नाहीये माझा."

ते ऐकले आणि माझ्याने राहवेना. मी पुडी टेबलावर ठेवली. "तुझा हात चांगला आहे. तार मी उलटी लावली होती, तू खाली गेल्यावर."

मला वाटले होते, ती हसेल. ती हसली नाही. "काल मी रडत होते, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. बराच वेळ आम्ही दोघे गप्प बसलो. मग तिने दोरी सोडली आणि हात पुढे केला. "चिपा द्या."

उखडलेल्या तांब्याच्या जागी तिने तारेचा एक तुकडा डाखला. जुन्या चिपा उपटल्या, नव्या बसविल्या. तार लावली, कळ दाबली. धप्! पुन्हा धप्! टेबलावरचा चहाचा पेला थरथरला. खालच्या बिऱ्हाडातून कोणीतरी काठीने छत ठोठावले, तेही ठेक्यात! स्वयंपाकघरातून आवाज आला, "कातड्यावाचून वाजला हो!"

या दिवाळीला झांजेचे पुडके आले आहे. तार जोडण्याचे काम तिने माझ्याकडून काढून घेतले नाही. एक अट मात्र घातली आहे. जोडण्यापूर्वी चष्मा डोळ्यांवर घेऊन मोठ्याने म्हणावयाचे, "तांबडी उणे, तांबडी उणे." संध्याकाळी दिवेलागणीला मी ते न चुकता म्हणतो. शेजाऱ्यांचा समज असा, की आजोबांनी नवे स्तोत्र धरले आहे.