जुन्या मोटारीचे दिवे आणि कारागिराची मजुरी

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद पडले. आता हौसेने जपलेल्या गाड्या गॅरेजात येतात आणि मालकाची एकच तक्रार असते, रात्री दिसत नाही. त्यावर मूळ रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब ठोकून देणे, याला कारागिरी म्हणता येणार नाही. त्या रिफ्लेक्टरची घडण तारेच्या बल्बसाठी आहे. एलईडीचा उजेड विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात.

दोष बहुधा वायरिंगचा असतो. दिव्यांचा सारा करंट जुन्या स्विचमधून फिरून येतो. व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणून बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणावी, अप्पर आणि डिपरला एकेक रिले द्यावा, अर्थिंग घासून घ्यावे. रिले बॉनेटखाली आडोशाला बसवावेत. मूळ वायर कापू नये, म्हणजे गाडी केव्हाही पूर्ववत करता येते. काळवंडलेल्या रिफ्लेक्टरला नवा मुलामा द्यावा. काच मात्र मूळचीच ठेवावी.

यात मालाचे बिल लहान, मेहनत मोठी. कापडात रफूगर टाका न दिसण्याचेच पैसे घेतो. गॅरेजवाल्या बांधवांनीही मजुरी सांगताना संकोच करू नये.